उघडणीचा शनिवार

कोलोरॅडोतल्या हार्लन फोर्क या स्की-गावाच्या नगरभवनात शिरलं की समोरच एक पडदा दिसे. त्यावर एकच आकडा असे: गावाच्या वरच्या उतारावर, लाकडाच्या ढलप्यांखाली साठवलेल्या बर्फाचं तापमान. आकडा हिरवा असे. नैना चिमोटे महापौर झाल्यापासून तो एकदाही लाल झाला नव्हता.

नैना पूर्व किनाऱ्यावरच्या एडिसनमध्ये वाढली. आईवडील नागपूरचे. बर्फाचा अभ्यास करायला ती या डोंगरात आली आणि राहून गेली. नगर परिषदेवर निवडून आल्यावर तिने पहिल्यांदा उभ्या गाड्यांची इंजिनं चालू ठेवण्यावर बंदी आणली. लोकांनी शिव्या घातल्या, मग सवय करून घेतली. त्यानंतर विजेवरच्या बस आल्या, हॉटेलांतून प्लास्टिकच्या बाटल्या गेल्या. हे सगळं इतर गावांतही झालं होतं. तिचं नाव झालं ते बर्फाच्या राशीमुळे.

हिवाळे उशिरा येऊ लागले तशी स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारी लिफ्ट चालवणाऱ्या कंपनीने कृत्रिम बर्फासाठी ओढ्याचं आणखी पाणी मागितलं. ओढा आधीच खडकांत अडकत वाहत होता. नैनाने नकार दिला आणि सोबत पर्यायही दिला. मार्चअखेरचा बर्फ एका सावलीच्या उतारावर ढकलून त्याची रास करायची, वर ढलप्यांचं जाड पांघरूण घालायचं आणि ऑक्टोबरमध्ये तो काढून स्कीच्या वाटांवर पसरायचा. ढलप्या कुठून आणायच्या हा प्रश्नच नव्हता. साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी अर्धं पाइनचं जंगल मारलं होतं आणि वणव्याच्या भीतीने ती वाळकी झाडं तोडायचीच होती. पहिल्याच उन्हाळ्यात बहुतेक बर्फ टिकला. ओढा वाचला. पुढच्या निवडणुकीत नैना महापौर झाली.

दुसऱ्या वर्षापासून ढलप्या काढायच्या दिवसाचा गावजत्रेसारखा सोहळा झाला. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, उघडणीच्या दिवशी, अख्खं गाव वर येई, उतारावरच्या लाकडी घोडीवर टांगलेली दाताळी घेई, बँड वाजे, सफरचंदाचा गरम रस मिळे. लोक राशीवरच्या ढलप्या ओढून काढत आणि शेजारी, जंगलाच्या कडेला, राखीव ढिगावर नेऊन टाकत. वसंतात त्यातल्याच पुन्हा वापरायच्या, अशी पद्धत होती. पण झाडं तोडणारेही आपला माल तिथेच ओतू लागले, कारण दुसरी जागा नव्हती. ढीग दुमजली घराएवढा झाला, मग तिमजली. बर्फाच्या राशीत सगळीकडे तापमापक बसवले होते. राखीव ढिगात एकही नव्हता, कारण तिथे बर्फ नव्हता.

जूनच्या सभेत अग्निशमन प्रमुख डेल प्रेंटिस उभा राहिला. "मेयर, तुमचा बर्फ मला आवडतो. त्याच्या शेजारी जे आहे ते आवडत नाही."

"ते ओलं आहे, डेल."

"ओलं आहे म्हणूनच तर."

सभागृह हसलं. डेललाही हसावं लागलं. नैनाने पुढचा विषय घेतला.

उन्हाळा कोरडा गेला. सप्टेंबरात रोज सकाळी राखीव ढिगावरून पांढरी वाफ उठू लागली. शेजारी बर्फ आहे म्हटल्यावर गारव्याने धुकं धरणारच, असं सगळे धरून चालले. पर्यटक फोटो काढत. त्यातला एक फोटो गावाच्या वेबसाइटवरही लागला.

नैनाचे वडील हेमचंद्र, पत्नी गेल्यापासून लेकीकडे राहायला आलेले, रोज सकाळी तिकडे फिरायला जात. ऑक्टोबरात एक दिवस नाश्त्याला बसताना ते म्हणाले, "नैना, तुझ्या त्या ढिगाला वास येतोय."

"बाबा, वूड आहे. स्मेल येणारच."

"लाकडाचा वास मला कळतो. हा आंबलेला आहे. इडलीचं पीठ विसरलं ना डब्यात, तसा."

"लव्हली. पोस्टरवर टाकते. हार्लन फोर्क, इडली सिटी."

"टाक. पण एकदा बघून ये."

ती गेली नाही. पुढच्या आठवड्यात मतपत्रिका पोस्टाने घरोघरी जाणार होत्या. निवडणुकीत तिच्यासमोर रिक हॅल्व्हरसन होता. घरं विकण्याचा त्याचा धंदा होता आणि कंपनी त्याच्या पाठीशी होती. ओढ्याचं पाणी कंपनीला देणार, हे तो उघड सांगत होता. शनिवारी उघडणी नीट पार पडली, बर्फ लोकांनी डोळ्यांनी पाहिला, की नैना जिंकणार होती. नाही पडली तर ओढा जाणार होता.

गुरुवारी दुपारी संग्रामचा फोन आला. संग्राम बोकील मूळचा पुण्याचा. दूरच्या अल्फारेटा शहरातल्या कंपनीची नोकरी घरून करायची मुभा मिळाल्यावर तो डोंगरात राहायला आला होता. नैनाचा प्रचार तो सांभाळे आणि नगरभवनातला तो पडदाही त्यानेच उभा केला होता.

"वर ये. आत्ता. आणि कुणाला आणू नकोस."

ती गेली तेव्हा तो राखीव ढिगाच्या पायथ्याशी उभा होता. हातात माणसाच्या उंचीची पोलादी सळई, टोकाला घड्याळासारखी तबकडी. घोड्यांच्या तबेल्यात खताचा ढीग तपासायला वापरतात तसली.

"काका मला सकाळी भेटले," तो म्हणाला. "म्हणाले, मुलगी ऐकत नाही, तू तरी नाक लावून बघ. नाक कशाला, म्हटलं मोजू या. एकशे ऐंशी फॅरनहाइट आहे, नैना. आपल्याकडच्या हिशोबात ऐंशीच्या वर. आणि सळई संपली म्हणून थांबलो, अजून आत काय आहे माहीत नाही."

"मीटर खराब असेल."

"दुसरं आणून पाहिलं. तेच."

"तुझ्या डॅशबोर्डवर तर सगळं ग्रीन आहे."

"यार, डॅशबोर्ड थंडी मोजतो. आपण फक्त थंडीच मोजली."

त्याने सळई उपसून तिच्यापुढे धरली. नैनाने बोट टेकवलं आणि लगेच काढून घेतलं. टोकाला चिकटलेल्या ढलप्या कॉफीसारख्या काळपट झाल्या होत्या. बर्फावर जिचं सगळं शिक्षण झालं होतं त्या बाईला त्या क्षणी कळलं की आत काय चाललंय. ओलं लाकूड आतल्या आत कुजून तापतं आणि एवढ्या जाड थरातून ती उष्णता बाहेर पडू शकत नाही.

तिने डेलला बोलावलं. तो ढिगाला एक फेरी मारून आला.

"शनिवारी वारा आहे," तो म्हणाला. "वाऱ्यात हा उघडला तर भट्टीला भाता लावल्यासारखं होईल. न उघडता तो कदाचित पहिला बर्फ पडेपर्यंत झोपून राहील. कदाचित. म्हणून शनिवार रद्द करा. मी आग अडवायला जंगलाच्या बाजूने पट्टा खणून घेतो. आणि का रद्द केलं ते गावाला सांगा."

"झोपून राहील म्हणालास."

"कदाचित म्हणालो."

"उघडणी बर्फाच्या राशीची आहे, डेल. याला कुणी हात लावणार नाही. दोरी बांधू. ढलप्या खाली पार्किंगमध्ये टाकायला सांगू. तू इथे बंब घेऊन उभा राहा."

"आणि दोरी का बांधली म्हणून विचारलं तर?"

"माती सैल झालीय असं लिहू."

डेलने ढिगाकडे पाहिलं. "कुठली माती?"

संग्राम मराठीत म्हणाला, "नैना, सांगून टाक ना. लोक तुला ओळखतात."

"मंगळवारपासून बॅलट्स निघतायत. आग आहे म्हटलं तर हॅल्व्हरसन म्हणेल, बघा तुमची ग्रीन मेयर. तो आला की क्रीक गेला. फॉर गुड. एक शनिवार, संग्राम. सोमवारी मी स्वतः सांगते."

संग्रामने सळई गाडीत टाकली. फलक त्यानेच छापून आणला.

शनिवारी आभाळ निळंभोर होतं आणि वारा सकाळपासून सुटला होता. गर्दी दर वर्षीपेक्षा जास्त होती. बँडवाल्यांचे कागद उडत होते आणि लोक ते हसत पकडून देत होते. नैना ट्रेलरवर चढून बोलली. ओढ्याबद्दल बोलली, माशांबद्दल बोलली. ढलप्यांखालून पहिला बर्फ दिसला तेव्हा जो ओरडा झाला तो खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

पार्किंगची जागा मात्र लांब होती आणि उतार मोडत जायला लागे. दोन-चार खेपांत लोक कंटाळले. दर वर्षीची वाट पायांना माहीत होती. कोणीतरी दोरी वर उचलली, मागचे तिच्याखालून गेले, आणि जेवणाच्या सुमाराला रांग पुन्हा राखीव ढिगाकडे वळलेली होती. डेलची माणसं त्यांना हाकलत होती. "माती सैल आहे," बंबवाले सांगत होते. "मग आम्ही अलगद टाकतो," लोक म्हणत होते. शाळेचे फुटबॉल प्रशिक्षक आपला ट्रॅक्टर घेऊन आले. दर वर्षी तेच शेवटची भर ढिगाच्या माथ्यावर नेत. डेल हात हलवत त्यांच्याकडे धावला. प्रशिक्षकांनी त्यालाही हात हलवून उत्तर दिलं आणि ट्रॅक्टर वर घातला.

माथ्याजवळ मागचं चाक खचलं. सावकाश खचलं, जणू खाली कुणी जागा करून दिली. लोक हसले. काही तरुण ढकलायला धावले. तेव्हा चाकाच्या बाजूने धूर आला. रोज सकाळची वाफ पांढरी असे, हा तपकिरी होता. डेलने प्रशिक्षकांना दंडाला धरून खाली ओढलं. खचलेल्या जागेत वारा शिरला आणि आतून, खोलवरून, नारिंगी उजेड दिसला.

नैनाने माइक घेतला.

"ऐका. सगळे खाली जा. गाड्यांत बसा आणि घाटातून खाली निघा. घरी थांबू नका. ढिगाला आतून आग लागली आहे."

क्षणभर बँड थांबला. मग गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मेयर, बर्फाला आग लागत नाही!" आणि हशा पिकला. गेली कित्येक वर्षं ही रास थंड आहे, हेच ती सांगत आली होती. लोकांनी ते मनापासून मानलं होतं.

"ही गंमत नाही," ती म्हणाली. "मला गुरुवारपासून माहीत आहे."

हे वाक्य मात्र पोहोचलं. पुढच्या ओळीतल्या एका बाईने कडेवरचं मूल या हातातून त्या हातात घेतलं आणि नैनाकडे बघत राहिली. हॅल्व्हरसन तिच्या मागेच उभा होता. ठिणग्या आता लोकांच्या डोक्यांवरून जंगलाकडे जात होत्या, वाळक्या पाइनच्या पहिल्या ओळीकडे. बंबाचं पाणी वाऱ्याने तिरकं होऊन गवतावर पडत होतं.

लोक हलू लागले, पण धावलं कुणी नाही. उतारावरच्या लाकडी घोडीशी त्यांनी रांग लावली. घेतलेली दाताळी जागेवर नीट टांगून मगच जायचं, अशी या गावाची शिस्त होती आणि ती नैनानेच लावली होती. एक जण टांगे, बाजूला होई, मग दुसरा.

"टाका ती तिथेच!" ती माइकमध्ये ओरडली. "टाका आणि जा!"

रांगेतल्या काहींनी मान वळवून पाहिलं. पुढचा माणूस आपलं दाताळं अडकवायला खिळा शोधत होता, आणि त्याच्या पाठीमागे जंगलाच्या कडेचं पहिलं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम पेटलं.