शून्याचा खण

कारखान्यातल्या चालण्याच्या शर्यतीचा निकाल लावायचं काम मास्तरकडे आलं, कारण स्टोअरमधला तो जुनाट कॉम्प्युटर त्याच्याशिवाय कोणाचंच ऐकत नसे. खरं तर त्याचंही ऐकत नसे, पण हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

शर्यतीत तो स्वतः होता आणि डिस्पॅचमध्ये काम करणारी त्याची थोरली बहीणही. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याने एकच टुमणं लावलं होतं, माडीवरची खोली सोड आणि खाली मागच्या खोलीत ये. काळजी होतीच, नाही असं नाही. पण त्या उजेडाच्या खोलीत आपलं टेबल कुठे बसेल, हेही त्याने मापून ठेवलं होतं. शेवटी ताई वैतागली. "शर्यतीत शेवटची आले तर येते खाली. नाहीतर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

रस्ता अरुंद, म्हणून एकेकाला मिनिटामिनिटाने सोडलं. ताईने नाव सगळ्यात उशिरा दिलेलं, तिचा नंबर एकेचाळीस. ती शेवटी निघाली आणि शेवटी पोचली. मास्तरने त्याच दिवशी आपली खोकी माडीच्या जिन्यात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने बेसिक या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. नावं आणि प्रत्येकाला चालायला लागलेल्या वेळा घ्यायच्या, कमी वेळवाला वर, जास्तवाला खाली. छापलेला कागद फळ्यावर लागला. मास्तर चोविसावा. ताईचं नावच नव्हतं. शेवटची ओळ प्रिंटरने खाल्ली असणार, असं म्हणून त्याने तळाशी पेनने लिहिलं, 'ताई'.

आधी वॉचमन आला. "मास्तर, मी दुसरा, ठीक आहे. पण पहिल्याचं नाव नाही आणि वेळ शून्य. हा कोण गडी, निघायच्या आधीच पोचला?"

मग ताई आली आणि खुर्ची ओढून बसली. "पेनने लिहिलेल्या निकालावर मी खोली सोडत नाही."

"अगं, तू शेवटी आलीस ते सगळ्यांनी पाहिलंय."

"निघालेही शेवटीच. एकेचाळीस नावांत तुझं डोकं चालत नसेल तर तीनच घे. पहिला आणि शेवटचा कुठे जातात, तेवढं बघ."

मास्तरने नाक मुरडत तीन नावं घातली. छापून आलं ते असं: वर रिकामी जागा, खाली दोन नावं, तिसरा गायब. त्याने प्रोग्रॅमवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा पडला. यंत्राच्या आठवणीत कपाटासारखे आकडे घातलेले खण असतात; नावं त्याने एकपासूनच्या खणांत भरली होती, पण लावताना तो शून्यापासून सुरू झाला आणि शेवटच्या खणाच्या आधीच थांबला. बेसिक न मागता शून्याचा एक खण देतं. तो रिकामा खण शून्य वेळेमुळे पहिला आला आणि एकेचाळिसावा कोणी उघडलाच नाही.

गप्प बसावं, असं त्याला क्षणभर वाटलं. समोर ताई होती, तेव्हा जमलं नाही; त्याने खणांचा घोळ सांगून टाकला.

"कपाट एकपासून भरलंस तर लावायलाही एकपासूनच घे," ती म्हणाली. "आणि शेवटचा खण सोडू नकोस."

त्याने सुरुवात एकवर आणली. प्रत्येक खण पुढच्याशी ताडून बघायचा, म्हणून चाळिसावा एकेचाळिसाव्याशी ताडला की थांबायचं, नाहीतर यंत्र नसलेल्या बेचाळिसाव्यात हात घालणार. हे मात्र त्याचं त्यालाच सुचलं.

नवा कागद आला. वॉचमन पहिला. तेविसावी ताई. चोविसावा मास्तर.

वरचा भुताटकीचा गडी गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेत ताई येऊन बसली, म्हणून मास्तरचा आकडा जागचा हलला नव्हता. आपल्या आकड्याकडे बघून निवांत राहिल्याची त्याला लाज वाटली.

"माझा नंबर आधीही बरोबरच होता," तो पुटपुटला.

"हो ना. आता जिन्यातली खोकी हलव."

घरी गेल्यावर सहा खोकी खाली आणून मास्तर पायरीवर टेकला. कंबर बोलत होती. वरून, उजेडाच्या खोलीच्या दारातून, ताईचा आवाज आला.

"शेवटचं राहिलंय."