गोंबोच्या डोक्यावर पाय

लग्नात मी माहेरहून काय काय आणलं ते पाहायला नारिनमधली आमची सगळी गल्ली जमली होती. रजया, गाद्या, चहाचे पियाले असं सगळं उलगडून झाल्यावर पेटीच्या तळाशी निघालं गेमचं यंत्र. माझ्या भावाची भेट. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"हे शेवया पाडायचं का गं?" एकीने विचारलं.

"हो हो, शेवयांचंच," म्हणत सासूबाईंनी, म्हणजे आपांनी, ते पटकन रजईखाली सरकवलं. माझी पहिली फजिती तिथेच झाली.

आमच्यात नवी सून मनात आलं म्हणून माहेरी जात नाही. सासऱ्यांनी दिवस ठरवायचा, सोबत मेंढी द्यायची, मग मानाने जायचं. माझं माहेर तलासला, घाट ओलांडून पलीकडे. नवरा नूरदिन ट्रक घेऊन कायम सीमेपार, त्यामुळे रदबदली करायलाही कोणी नाही. हिवाळ्यात विषय निघाला तेव्हा माझे सासरे, अता, म्हणाले, "बर्फ वितळू दे." बर्फ वितळलं. मग म्हणाले, "मेंढ्या विऊ देत." त्याही व्याल्या. मग म्हणाले, "रस्ता सुकू दे." तिकडे आई फोनवर सांगत होती की जर्दाळू फुललेत. मी मनातल्या मनात भांडी आपटत होते, कारण खरोखर आपटायची सोय नव्हती.

एका दुपारी अतांनी घसा खाकरला. "पोरी, ते तुझं शेवयांचं यंत्र नुसतंच धूळ खातंय का?"

गेम होता गोंबो अस्वल आणि टिकी खारीच्या सिनेमांवरचा. ते सिनेमे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. आणि अतांनाही, हे मला तेव्हा कळलं. आयुष्यभर बस चालवलेला हा माणूस, पाहुण्यांच्या पोरांच्या निमित्ताने सगळे भाग बघून बसला होता! गोंबो अर्थातच ते झाले, मी टिकी. सुरुवातीलाच गेमने पहिल्या खेळाडूचं नाव विचारलं. सासऱ्यांचं नाव मी कशी घेणार? मी 'अता' असं लिहून मोकळी झाले.

पण खेळणं जमेना. अता बसायचे खोलीच्या मानाच्या जागी, मी दाराशी. त्यांच्याकडे पाठ करायची नाही म्हणून मी टीव्हीसमोर तिरकी बसायचे आणि संध्याकाळपर्यंत मान आखडायची. खेळातही तेच. दार आलं की टिकी थांबे, आधी गोंबो आत जाई. सोन्याची नाणी दिसली की मी बाजूला सरे. कोसळणारा पूल आला तेव्हाही मी अदबीने उभी राहिले.

"अगं पळ की!" अता ओरडले.

"आधी तुम्ही, अता."

तेवढ्यात पूल दोघांना घेऊन खाली गेला. आपा चहाच्या समोवारापाशी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

तरी आम्ही शिकलो. पुढे पुढे अता दुपारचा चहासुद्धा घाईघाईने संपवू लागले. एक दिवस आपांनी खडा टाकलाच. "हा गेम संपला की पाठवाल का हिला माहेरी?"

अतांचं बटणावरचं बोट थांबलं. "पाठवीन. शब्द दिला."

मी तर वाऱ्यावर स्वार झाले. बाकीचे टप्पे आम्ही भराभर पार केले आणि शेवटच्या भिंतीशी येऊन अडकलो. भिंत उंच. अस्वल जड, चढू शकत नाही. खार चढेल, पण तिने आधी अस्वलाच्या डोक्यावर उडी मारायची, तिथून वर जायचं आणि वरून दोरी सोडायची. तिसऱ्या सिनेमात अगदी हेच आहे. ते मला माहीत होतं, अतांनाही माहीत होतं. पण बोलणार कोण? सासऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवणारी सून आमच्या अख्ख्या खोऱ्यात झाली नसेल.

"दुसरी वाट असेल. शोध," अता म्हणत. मी झाडं हलवली, दगड फोडले, डबक्यात उड्या मारल्या. दिवसामागून दिवस गेले.

"बाकीच्या सुना सासऱ्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटतात," आपा म्हणाल्या, "आणि हिला साधी उडी मारवत नाही!"

मला वाईट कशाचं वाटत होतं सांगू? अता खूश दिसत होते. खेळ भिंतीशी अडला की माझं माहेर अडलं, आणि त्यात त्यांना सुख होतं. आईचा पुन्हा फोन आला, जर्दाळूंचा बहर गळून गेला म्हणाली, तेव्हा मला कणीक मळता मळता रडू फुटलं. हात धुतले आणि सरळ जाऊन बसले.

"अता, ही भिंत चढायची एकच वाट आहे. आणि ती तुम्हाला ठाऊक आहे."

आपांनी पियाला खाली ठेवला. अतांनी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच डोक्यावरची पांढरी नमद्याची काल्पाक टोपी काढली आणि उठून सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून आले.

"टोपीवर पाय पडायला नको," ते म्हणाले. "डोकं माझं आहे, त्याचं मी बघतो. मार उडी."

मी उठून रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला, खाली बसले आणि उडी मारली. आपा किंचाळल्या. टिकी गोंबोच्या डोक्यावरून थेट भिंतीवर! समोरच किल्ल्याचं दार, सताड उघडं. मी आनंदाने वळून पाहिलं, तर अता पडद्याकडे बघतच नव्हते. ते पियाल्यात बघत होते.

"दार उघडं आहे," ते म्हणाले. "जा. शेजारच्या बेरिमकुलची सून अशीच माहेरी गेली होती. चार दिवस राहून येते म्हणाली. आलीच नाही."

म्हणजे बर्फ, मेंढ्या, रस्ता, सगळं हे होतं तर! माझा राग निम्मा उतरला. निम्मा राखून ठेवला, कारण जर्दाळूंचा बहर काही परत येणार नव्हता.

"अता, दोरी सोडलीय. धरा," मी म्हटलं. "आणि बटण दाबून ठेवा. मधेच बोट उचललंत तर पडाल आणि बोल मला लागेल."

त्यांनी बोट उचललंच. पडले, पुन्हा चढले, पुन्हा पडले. मी वर थांबून राहिले. शेवटी गोंबो धापा टाकत वर आला आणि आम्ही दोघं एकदमच दारातून आत गेलो. कोण आधी गेलं ते आपांनाही सांगता आलं नाही.

अता टोपी घालून तडक अंगणात गेले, मेंढी निवडायला.

निघायच्या दिवशी आपांनी गाडीत बोर्सोकची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, पिशवी कोंबली. अता खिडकीशी आले आणि त्यांनी माझ्या मांडीवर गेमचा कंट्रोलर ठेवला. त्यांचा स्वतःचा, गोंबोचा.

"तिथे मी याचं काय करू? यंत्र तर इथे आहे."

"दुसरा भाग मागवलाय. पहिल्या खेळाडूशिवाय तो सुरूच होत नाही," ते म्हणाले. "आजवर दारात तू थांबायचीस. आता मी थांबतो."

गाडी सुरू झाल्यावर मी खिडकीतून ओरडले, "माझा कंट्रोलर फळीवर ठेवलाय, अता. बटण दाबून धरायचा सराव करून ठेवा!"