दहा हजार सात

फरशीवालीला या कामातून मिळायचं होतं ते थोडकं नव्हतं: कारखान्यात कायमची नोकरी, राहायला दोन खोल्या आणि मॅनेजरसाहेबांच्या तोंडून एकदा तरी 'अहो'. बदल्यात साठ वर्षांत इथं राबलेल्या प्रत्येकाचं नाव एकेका फरशीवर काढून त्या फरशा भिंतीवर बसवायच्या. साहेबांनी सही करून दिलेली अट एवढीच, की सगळ्या ओळी सारख्या हव्यात आणि एकही जागा रिकामी नको.

नावं भरली दहा हजार सात.

तिनं दोनानं भागून पाहिलं, तीनानं, सातानं, तेरानं, पार सत्त्याण्णवपर्यंत. दर वेळी काहीतरी उरायचंच.

"मूळ संख्या निघाली, साहेब. कशानंच भाग जात नाही."

"शंभराच्या पुढं बघितलंस?"

"कशाला? दोन्ही आकडे शंभराच्या पुढचे घेतले, तर गुणाकार दहा हजार दोनशे एकच्या खाली येतच नाही."

साहेबांना गणित कळलं नाही, पण आकडा आपलं ऐकत नाही हे कळलं, आणि तसली सवय त्यांना नव्हती. "मग सात काढ. शंभर गुणिले शंभर. झकास चौकोन!"

"कुठले सात?"

त्यांनी यादीच्या तळाशी बोट ठेवलं. संडास धुणाऱ्या सातजणी. "रोजंदारीच्याच तर होत्या."

त्यातलं चौथं नाव फरशीवालीच्या आईचं.

"काढून टाक की," आई घरी म्हणाली. "तुझी नोकरी तरी पक्की होईल."

"तुझं एकटीचं काढून जमत नाही गं. दहा हजार सहाच्या ओळी होतात दोनच, पाच हजार तीनच्या. त्याला सातही जणी गायब हव्यात."

"मग?"

"मग तो बसू दे बोंबलत."

सोमवारी तिनं फाटकापासून कुंपणाच्या भिंतीवर फरशा लावायला घेतल्या. पहिल्या सात त्याच.

साहेब धावत आले. "चौकोन कुठाय?"

"या आकड्याची मांडणी एकच होते. एक सलग ओळ. दुसरी ओळच नाही, तर लहानमोठी कुठली? रिकामी जागा दाखवा, लगेच थांबते."

"उखड ते!"

"तुम्हीच उखडा. ही घ्या थापी. माझ्या आईपासून सुरू करा."

पाळी सुटली होती. फाटकात गर्दी जमली, कुणी आजोबांची फरशी कधी लागणार ते विचारू लागलं. साहेबांनी गर्दीकडं पाहिलं, थापीकडं पाहिलं, आणि हात खिशात घातले.

दहा सेंटिमीटरची एक फरशी. ओळ कुंपणाला वळसा घालत गेली, किलोमीटरभर आणि वर सत्तर सेंटिमीटर.

साहेबांचा चौकोन गेला. फरशीवालीची नोकरी गेली, दोन खोल्या गेल्या, 'अहो' तर कधी आलंच नव्हतं, आणि गुडघे कायमचे दुखावले ते वेगळेच. सातजणींना मात्र या खेपेला काहीच मोजावं लागलं नाही.