खांबाचा खांदा

सोमवारी सरावात कप्तानाचं बोट मोडलं आणि मंगळवारी सकाळपासून ताईच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

कप्तान म्हणजे शहराच्या क्लबचा गोलकीपर. गेली कित्येक वर्षं गोलपोस्टखाली त्याच्याशिवाय दुसरं कुणी उभं राहिलेलं लोकांच्या पाहण्यात नव्हतं. यंदा तर क्लबनं इतिहासच घडवला होता. आशियातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेत पहिल्यांदाच गटसाखळीपर्यंत मजल मारली होती, आणि बुधवारचा सामना जिंकला की बाद फेरी हाकेच्या अंतरावर येणार होती. नेमक्या अशा वेळी बोट मोडलं. आता गोलमध्ये उभा राहणार होता राखीव गोलकीपर. लोक त्याला खांब म्हणत. एक तर तो तसा उंच होता, आणि दुसरं म्हणजे खांब जसा जागचा हलत नाही तसा तो बाकावरून कधी उठायचा नाही.

हा खांब ताईचा सख्खा धाकटा भाऊ.

ताई वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर काम करायची. मोठ्या सामन्यांचा प्रिव्ह्यू हे तिचं खास काम. कोण खेळणार, कोण लंगडतोय, सामना मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात फिरणार, हे ती आदल्या दिवशी असं लिहायची की चहाच्या टपरीवरचे लोक दुसऱ्या दिवशी तेच स्वतःचं मत म्हणून एकमेकांना ऐकवायचे. ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणत. तिच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा असलेला संपादकही ताईच म्हणायचा.

त्या सकाळी हा संपादक हात चोळत तिच्या टेबलाशी आला. घरचंच कार्य आहे म्हणाला. बहिणीच्या नजरेतून भाऊ, असा लेख हवा. लहानपणी तो दाराच्या चौकटीत उभा राहून बॉल अडवायचा वगैरे. ताई म्हणाली, दाराच्या चौकटीत तो उभा राहायचा खरा, पण अभ्यासाला बस म्हटलं की आत येणं जिवावर यायचं म्हणून. संपादक हसला आणि म्हणाला, मग तेच लिही.

ताईला हसू आलं नाही. तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी संपादकाला, कोचला, क्लबच्या डॉक्टरांना, कुणालाच ठाऊक नव्हती. आदल्या रविवारी आईकडे जेवायला जमले होते. स्वयंपाकघरातला बल्ब गेला होता, आणि घरात उंच माणूस एकच, त्यामुळे ते काम नेहमी धाकट्याचं. एरवी तो नुसता हात वर करून बल्ब काढायचा. त्या दिवशी त्यानं स्टूल ओढलं आणि डावा हात लावला. तरीही चेहरा पांढराफटक पडला. आईचं लक्ष गॅसकडे होतं. ताई त्याच्या मागोमाग गॅलरीत गेली आणि तिथे त्यानं कबूल केलं. सरावात उजव्या खांद्यावर पडला होता, आत काहीतरी कट्कन वाजलं होतं, तेव्हापासून हात कानाच्या वर जात नव्हता. हंगाम संपला की त्याचा करारही संपणार, आणि जखमी राखीव गोलकीपरला कोण ठेवून घेतं? म्हणून गोळ्या गिळून तो सराव करत होता. बाकावर बसायला कुठे खांदा लागतो, असं वर म्हणाला होता. ताईनं कुणाला न सांगण्याचा शब्द दिला. बाकावर बसणाऱ्या माणसाच्या खांद्याचं गुपित राखायला असं काय लागतं, असं तिलाही वाटलं होतं.

आणि आता हे.

तिनं पाहुण्या संघाचे मागचे सामने काढून पाहिले. त्यांचा सगळा खेळ एकाच गोष्टीवर उभा होता. डाव्या बगलेतून उंच बॉल टाकायचा, आणि मध्ये त्यांचा जिराफासारखा लांब मानेचा खेळाडू होता, त्यानं तो डोक्यानं आत लोटायचा. लोक त्याला जिराफच म्हणत. म्हणजे सामना फिरणार होता तो गोलसमोरच्या हवेत, गोलकीपरच्या हाताच्या उंचीवर. प्रिव्ह्यू लिहायचा तर पहिलं वाक्य हेच, आणि दुसरं वाक्य असं की आपल्या गोलकीपरचा उजवा हात वर जात नाही. कसं दिसतं ते पाहावं म्हणून तिनं ते एकदा टाइपही केलं. मग एकेक अक्षर खोडून टाकलं.

तेवढ्यात आईचा फोन आला. साऱ्या दुनियेची कौतुकं लिहितेस, सख्ख्या भावाचं लिहिताना हात आखडता का, असं आईनं विचारलं. शेजारच्या काकूंनी दहा अंक सांगून ठेवले होते म्हणे. ताईनं बघते म्हणून फोन ठेवला. तासाभरानं पुन्हा आला. जमलं तर त्याचा हसरा फोटो घाल, नेहमीचा तो आजाऱ्यासारखा दिसतो तो नको.

दुपारी सरावाची सुरुवातीची काही मिनिटं पत्रकारांना बघू देत. ताई जाळीला टेकून उभी राहिली. धाकटा मोठा कलाकार निघाला. जमिनीलगतचे बॉल असे झेप घेऊन धरत होता की फोटोवाले खूश. उंच आलेला बॉल मात्र मान वर करून नुसता पाहायचा आणि 'हा बाहेरच चालला होता' असा हात झटकायचा. कोच आघाडीच्या खेळाडूंना ओरडण्यात गुंतला होता. बाकीचे पत्रकार फोनमध्ये. तिला एकटीलाच ते दिसत होतं आणि तिचा नुसता जळफळाट होत होता. त्याच्यावर, कोचवर, आणि त्या न बघणाऱ्या डोळ्यांवरही.

सराव संपल्यावर तिनं त्याला पार्किंगमध्ये गाठलं. त्याच्याच गाडीत दोघं काचा वर करून बसली.

"डॉक्टरांना सांग," ती म्हणाली. "आत्ता सांगितलंस तर उद्या तिसरा गोलकीपर खेळेल. नवखा असेल, पण त्याचे दोन्ही हात वर जातात."

धाकट्यानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "ताई, त्या बाकाला माझ्या बुडाचा आकार आलाय. आणि तू म्हणतेस, अजून एक दिवस बस."

"आणि उद्या जिराफ डोक्यावर आला म्हणजे?"

"तेव्हाचं तेव्हा. झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे. तुला फक्त गप्प बसायचंय."

"गप्प बसते. पण तू ठणठणीत आहेस, असलं काही माझ्या हातून लिहून होणार नाही. खोटं नाही लिहिणार मी."

"नको लिहूस," तो म्हणाला. "मी कुठे सांगतोय लिही म्हणून?"

ती उतरली. त्यानं डाव्या हातानं पट्टा ओढला, तो नीट लागेना, मग तसाच निघून गेला.

ऑफिसात परत येऊन ताईनं प्रिव्ह्यू लिहिला. मधल्या फळीबद्दल लिहिलं, पाहुण्यांच्या प्रवासाच्या थकव्याबद्दल लिहिलं, ओल्या गवतावर बॉल कसा घसरेल त्याबद्दलही एक परिच्छेद लिहिला. जिराफावर लिहिलं, पण त्याला बचावपटूंनी कसं रोखावं एवढंच. शेवटी संभाव्य संघ दिला. त्यात पहिलं नाव भावाचं, कारण गोलकीपरचं नाव पहिलं असतं. बाकी त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. लिहून झालं तेव्हा तिला वाटलं, इकडे आड तिकडे विहीर होती, पण मधल्या कठड्यावरून आपण कशाबशा निभावून गेलो.

संपादकानं वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. यात मीठच नाही म्हणाला. अख्खं शहर ज्या माणसाबद्दल बोलतंय तोच यात नाही. ताई म्हणाली, माझा भाऊ आहे, मी लिहिणं बरं दिसत नाही. तो म्हणाला, भाऊ आहे म्हणूनच तर. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी तो चिडून निघून गेला आणि भावाच्या लेखासाठी राखलेल्या जागेत त्यानं गटाचा गुणतक्ता मोठ्या अक्षरांत लावून टाकला.

बुधवारी संध्याकाळी मैदान खचाखच भरलं. आई काकूंना घेऊन प्रेक्षकांत, ताई पत्रकारांच्या कक्षात. पूर्वार्धात सगळं जुळून आलं. आपल्या संघानं एक गोल चढवला. मग पाहुण्यांचा एक सणसणीत फटका जमिनीलगत डावीकडे आला आणि धाकटा असा आडवा झेपावला की बॉल त्याच्या बोटांना लागून गोलच्या खांबाबाहेर गेला. सगळं मैदान 'खांब, खांब' करू लागलं. पत्रकारांच्या कक्षात टाळ्या वाजवायच्या नसतात. ताई उभी राहिली, टेबलावर पाणी सांडलं, आणि ती परत बसली.

उत्तरार्धात कॉर्नर आला. बॉल उंच, गोलकीपरच्या उजव्या अंगाला. कुठल्याही गोलकीपरनं उजवी मूठ वर नेऊन तो ठोसून दूर पाठवला असता. धाकट्यानं छातीवरून डावा हात आणला. तो अर्धाच पोचला. बॉल बोटांना चाटून खाली पडला तो थेट जिराफाच्या पायाशी. जिराफाला डोकं लावायचीसुद्धा गरज पडली नाही.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. टीव्हीवरचे जाणकार म्हणाले, समोर गर्दी होती, बिचाऱ्याला बॉल दिसलाच नाही. शेजारचा पत्रकारही तेच म्हणाला. ताईनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आपणहून डॉक्टरांकडे गेला. खांद्याचा स्नायू फाटला होता. ऑपरेशन करायचं ठरलं, त्याचा हंगाम संपला. कोचनं पत्रकारांसमोर संतापून सांगून टाकलं की या खेळाडूनं आम्हाला अंधारात ठेवलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या एका वर्तमानपत्राच्या बातमीदारानं आईला फोन केला. धाकट्यानं तोवर आईला सगळं सांगितलं होतं, आणि आईला लेकीचं कौतुक. आमची ताई फार हुशार, ती बातमीदाराला म्हणाली. धाकट्यानं बल्ब काढला तेव्हाच तिनं ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी ते आईच्या शब्दांत जसंच्या तसं छापून आलं, ताईच्या फोटोसकट.

संपादकानं तिला आत बोलावलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "लोक तुझा प्रिव्ह्यू विश्वासानं वाचतात. जे एकच सांगण्यासारखं होतं, ते तू सांगितलं नाहीस. लिहिता येत नव्हतं तर मला म्हणायचंस, दुसऱ्याला दिला असता." हे तिला सुचलंच नव्हतं. फुटबॉल तिच्याकडून काढून घेतलं गेलं. तिला जलतरण आणि बुद्धिबळ मिळालं. भावासाठी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता, आता तोंड उघडूनही काही सांगता येत नव्हतं.

शनिवारी ती आईकडे गेली. धाकटा हात झोळीत अडकवून खिडकीशी बसला होता. तो काहीतरी बोलेल, निदान तुझं नुकसान झालं एवढं तरी म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तो बाहेर बघत राहिला. आई चहा ठेवून गेली. मग तो म्हणाला,

"प्रिव्ह्यू वाचला मी. मैदानावर जाताना, बसमध्ये."

"बरं."

"माझ्याबद्दल एक ओळ नाही त्यात."

ताईला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "तूच म्हणालास ना, नको लिहूस?"

"खोटं नको लिहूस म्हणालो. खांद्याचं नको लिहूस. पण मी खाली डावीकडे कसा जातो, ते तुला ठाऊक होतं. त्यात काय खोटं होतं? इतकी वर्षं तूच बघत आलीस. सगळ्यांनी लिहिलं. कप्तान नाही म्हणून खांब, असं. तुझ्याकडून एक ओळ हवी होती. ओल्या गवतावर लिहिलंस, ताई. अख्खा परिच्छेद."

ताईच्या तोंडाशी दहा उत्तरं आली. दोष तुझा, लपवलंस तू, तुझ्यापायी माझं काम गेलं. त्यातलं एकेक खरं होतं. ती म्हणाली, "माझं फुटबॉल काढून घेतलं, ठाऊक आहे ना?"

"आईनं सांगितलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "माझंही."

चहा निवत होता. त्याला कप उचलून द्यावा असं तिच्या मनात आलं, पण त्याचा डावा हात चांगला होता, आणि ती रागावलेली होती. आतून आईनं विचारलं की तुम्ही बोलताय की भांडताय, आवाज का येत नाही.

तो डावीकडे कसा झेपावतो, हे ताईला डोळे मिटूनही दिसत होतं. आधी गुडघा दुमडतो, मग खांदा खाली येतो, आणि एवढा लांब माणूस जमिनीला लागेपर्यंत आवाज करत नाही. लिहायचं म्हटलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. तिनं घड्याळ बघितलं. संध्याकाळी जलतरणाच्या पात्रता फेरीचं लिहून द्यायचं होतं, आणि पोहण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.