धुराड्यातला आर्चीकाका

१९५३ सालची गोष्ट. वेलिंग्टनच्या न्यूटाउन भागात, आमच्या विनीमावशीच्या दिवाणखान्यात दर गुरुवारी दुपारी माणसं मावत नसत. सगळी अंगात कोट घालून थंडगार शेकोटीकडे बघत बसायची. शेकोटी पेटवायची नाही, धुरानं आर्चीकाकाचा घसा बसेल, अशी सक्त ताकीद होती.

आर्चीकाका, म्हणजे मावशीचा नवरा, दोन वर्षांपूर्वी दक्षिणेच्या वादळात बोटीसकट समुद्रात बुडाला होता. त्याचं काहीच सापडलं नाही. मावशी रडलीही नाही. "सापडेपर्यंत कशी रडू?" म्हणायची. मग माडीवरच्या खोलीत पिम नावाचे भाडेकरू आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या मनानं धुराडं साफ करून दिलं, आणि महिन्याभरात धुराडं बोलायला लागलं.

"विऽऽऽन..."

"ऐकलंत?" पिम डोळे मिटून म्हणत. "परलोकाशी तार जुळली! आर्ची म्हणतो, विनी, मी सुखात आहे, कोरडा आहे."

"कोरडा आहे हो!" शेजारच्या मिसेस हॉब्डे डोळे पुसत.

"आणि म्हणतो, पिमसाहेबांना आणखी पुडिंग वाढ," मी पुटपुटले. तेव्हा मी अकरा वर्षांची, मावशीकडेच राहत होते. पाठीत धपाटा बसला.

हसण्यावारी नेता आलं असतं. पण मागच्या भूकंपात त्या धुराड्याला उत्तरेच्या अंगानं हात जाईल एवढा तडा गेला होता. "हिवाळ्याआधी पाडा, नाहीतर एखाद्या जोरदार वाऱ्यात कोसळेल," असं नगरपालिकेचा माणूस बजावून गेला होता. आणि मावशीची खुर्ची बरोबर त्याच्याखाली.

"पाडा की," पिम म्हणाले, "नवऱ्याचा गळा आपल्याच हातानं आवळा!"

मावशीनं धुराडं पाडलं नाही.

शाळेत टॅरंटबाई आमच्याकडून रोज वाऱ्याची दिशा वहीत लिहून घेत. एकदा ती वही चाळताना माझ्या लक्षात आलं, काका बोलतो तो उत्तरेचा वारा असला तरच. दक्षिणेच्या वाऱ्यात मुका. पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांदेखत ते विचारलं.

"पोरी," पिम हळवे होऊन म्हणाले, "ज्या वाऱ्यानं बुडवलं, त्या वाऱ्यात तो तोंड उघडेल का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही जवळजवळ डोलावलीच होती. टॅरंटबाईंना सांगितलं, तर त्यांनी माझ्या हातात रिकामी बाटली दिली. "तोंडावरून आडवी फुंकर घाल." बाटली घुमली. मी धावत जाऊन मावशीला वाजवून दाखवली.

मावशी म्हणाली, "बाटलीला माझं नाव ठाऊक आहे का गं?"

मे महिन्यात, आमच्याकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर, एका गुरुवारी उत्तरेचा वारा सुटला. आमचं गाव वाऱ्याला सरावलेलं, पण असा वारा त्यानंही पाहिला नव्हता. छपरांचे पत्रे गल्लीतून कागदासारखे उडत होते. हॉब्डेंचं कोंबड्यांचं खुराडं ट्रामच्या तारांवर जाऊन अडकलं. तरीही दिवाणखाना भरलेला! धुराडं किंचाळत होतं. विटांचा चुरा मावशीच्या केसांत पडत होता.

"आज तो मनसोक्त बोलणार!" पिम ओरडले, ते दाराजवळून. एरवी हा माणूस शेकोटीला टेकून उभा राहायचा.

तेवढ्यात टॅरंटबाई आल्या. टोपी उडालेली, गुडघे फुटलेले.

"विनी, ऊठ आधी तिथून!"

"तो बोलतोय. मी नाही उठणार."

बाईंनी वाद घातला नाही. "बरं. पिमसाहेब, मग आज तुम्ही बसा विनीच्या खुर्चीत. आर्चीचं बोलणं तुम्हालाच नीट कळतं."

"मी... दार धरायला कुणीतरी हवं ना."

"दार मी धरते. बसा तुम्ही."

"माझी कंबर जरा..."

"पाचच मिनिटं."

पिम जागचे हलले नाहीत. त्यांची नजर फक्त एकदा वर गेली, छताकडे. मावशीनं ती पाहिली. ती उठली, माझं मनगट धरलं आणि मला ओढत मागच्या धुण्याच्या खोलीत गेली. मागोमाग सगळे. कपातला चहा निवायच्या आत धुराडं छत फोडून खाली आलं. खुर्चीची एकही लाकडी काडी धड राहिली नाही.

विटांच्या ढिगात वीतभर लांबीची गॅसची नळी सापडली, एक तोंड ठोकून बंद केलेली, तारेनं विटेला बांधलेली. तड्यातून उत्तरेचा वारा आत शिरायचा आणि तिच्या उघड्या तोंडावरून जायचा. एवढाच परलोक. नाव आमच्याच कानांनी जोडलेलं.

वारा अजून होताच. मावशीनं नळी उचलली. "विऽऽन..." तिनं नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला. गप्प. अंगठा काढला. "विऽऽन..." पुन्हा ठेवला, आणि मग ती आर्चीकाकासाठी पहिल्यांदा रडली.

पिम त्याच दिवशी छत्री विसरून पळाले. पुढे दुसऱ्या गावात ते लोकांना विहिरीसाठी जमिनीतलं पाणी दाखवत असल्याचं कानावर आलं. मिसेस हॉब्डे मरेपर्यंत म्हणत, "पण कधीकधी तो खरंच बोलायचा हो." टॅरंटबाईंनी निवृत्त होईपर्यंत वाऱ्याची वही चालवली. मावशीनं आर्चीकाकाच्या नावाचा दगड बसवला आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली.

मी आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. चमत्कार अजून होतात, नळ्या तेवढ्या नव्या निघाल्या आहेत. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला, तर वारा कुठला आहे ते आधी लिहून ठेवा. आणि दाखवणाऱ्याला म्हणा, पाच मिनिटं माझ्या खुर्चीत बसा.