बारा नंबरचा देयना

गुणवंत पोवार मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल त्याला कुणी शिकवावा लागला नाही. तिथे अर्धं गाव ब्राझीलचं आणि अर्धं अर्जेंटिनाचं. पोलंडचं कुणीच नाही. गुणवंतही नव्हता. तो दुबईत आला, एसीच्या डक्टच्या वर्कशॉपात सुपरवायझर झाला, आणि मग शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गॅरेजवाल्या-वर्कशॉपवाल्यांची सात-सात जणांची दरवर्षीची उन्हाळी स्पर्धा सुरू झाली. आयोजकांनी देशांची नावं चिठ्ठ्या टाकून वाटली. केरळवाल्यांना अर्जेंटिना मिळाला, त्यांनी तिथेच नाच सुरू केला. आपल्या मराठी पोरांच्या वाट्याला पोलंड आला. पंगतीत नेमकी आपल्या पानापाशी जिलेबी संपावी तसे पोरांचे चेहरे पडले.

गुणवंत मात्र इरेला पेटला. रोज जेवणानंतर फोनवर पोलंड वाचत बसायचा. सासुरवाडीची माणसं त्याला नीट आठवत नसत, पण चौऱ्याहत्तरच्या विश्वचषकात तिसरा आलेला संघ तोंडपाठ झाला. मग त्याने संघात एक रीतच पाडली. नवीन पोरगा आला की गुणवंत त्याला पोलंडच्या एका खेळाडूचं नाव द्यायचा, त्याची गोष्ट सांगायचा आणि ते नाव जर्सीच्या पाठीवर छापून घ्यायचा. गोलकीपर सोमनाथ झाला टोमाशेव्स्की. वेम्बलीवर सामन्याआधी ज्याला इंग्रजांनी विदूषक म्हटलं आणि ज्याने त्यांनाच विश्वचषकाबाहेर ठेवलं, तो हा. केस विरळ झालेला एक फिटर लाटो झाला आणि खूशही झाला, कारण लाटोलाही टक्कल होतं आणि तरी सात गोल मारून तो स्पर्धेत पहिला आला होता.

संघाचा कॅप्टन असलेल्या गुणवंतने स्वतःसाठी बारा नंबर आणि देयना हे नाव ठेवलं. काझिमिएश देयना, चौऱ्याहत्तरचा कॅप्टन. सत्याहत्तर साली पोर्तुगालविरुद्ध त्याने थेट कॉर्नरवरून गोल मारला, त्या गोलाने पोलंड पुढच्या विश्वचषकाला गेलं, आणि त्याच मैदानात घरच्याच प्रेक्षकांनी त्याच्यावर हिणवणाऱ्या शिट्ट्यांचा भडिमार केला. ही गोष्ट सांगताना गुणवंत दर वेळी डोळे पुसायचा. पोरं खाली मान घालून हसायची.

सिद्धांत कधी हसला नाही. पुण्याचा, सेल्समधला, चुणचुणीत पोरगा. दुबईत आला तेव्हा त्याला करामात बेडस्पेस, म्हणजे भाड्याच्या खोलीतली एक खाट, गुणवंतने मिळवून दिली. रविवारी तो गुणवंतच्या घरी जेवायचा, साधनावहिनींना पोळ्या लाटताना ऑफिसच्या गमती सांगायचा, त्यांच्या लेकीचा, शुभ्राचा, गणिताचा अभ्यास घ्यायचा. गुणवंतने त्याला बोनिएक केलं होतं. बेल्जियमला एकट्याने तीन गोल मारणारा बोनिएक. हे नाव गुणवंतने चांगल्या पोरासाठी किती तरी दिवस राखून ठेवलं होतं.

त्या जूनमध्ये गुणवंतचा गुडघा सुजला. वय सेहेचाळीस, तोंडाने मान्य करत नसला तरी गुडघा खोटं कशाला बोलेल? साखळीतल्या उरलेल्या सामन्यांना येत नाही, सेमीफायनलला येतो, असं त्याने सिद्धांतला सांगितलं. भाऊ, बिनधास्त आराम करा, असं सिद्धांत म्हणाला.

आणि त्याच रविवारी पोलंडमधून बातमी आली. थकलोय, जूनचे सामने खेळत नाही, असं कळवून पोलंडचा कॅप्टन लेवांडोव्स्की घरी बसला होता. प्रशिक्षकाने फोन केला आणि कॅप्टनपद काढून दुसऱ्याला दिलं. हा प्रशिक्षक आहे तोवर मी पोलंडकडून खेळणार नाही, असं लेवांडोव्स्कीनेही जाहीर करून टाकलं. गुणवंतच्या अंगाचा तिळपापड झाला. सोमवारी सिद्धांतने स्वतःहून चहाला बोलावलं, तेव्हा करामातल्या त्या कॅफेटेरियात बसल्या-बसल्या गुणवंतने आधी तोच विषय काढला.

"इतकी वर्षं ज्यानं संघ वाहिला, त्याला फोनवर काढत्यात? ही काय रीत झाली?"

सिद्धांत कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टोटली राँग आहे, भाऊ. समोर बसून सांगायची हिंमत पाहिजे माणसात."

गुणवंतला भरून आलं. परक्या मुलखात आपलं मन जाणणारा एक तरी आहे, असं त्याला वाटलं. चहाचे पैसेही सिद्धांतनेच दिले. मंगळवारी पोलंड हेलसिंकीत फिनलंडकडून हरलं आणि गुरुवारी प्रशिक्षकाने राजीनामा दिला. गुणवंतने घरी शिरा करायला लावला. साधनाला कारण कळलं नाही, पण तिने केला.

शुक्रवारी गुडघ्याला पट्टा बांधून तो सेमीफायनलला शारजाला गेला. बाहेर अंगाची लाही होत होती. सामने गोदामात घातलेल्या एसीच्या हॉलमध्ये व्हायचे. दारातच स्पर्धेचं मोठं पोस्टर होतं. चारही संघांचे कॅप्टन ओळीत उभे. पोलंडच्या जर्सीत, दंडाला पट्टी लावून, हाताची घडी घालून सिद्धांत उभा होता.

सोमनाथ हातमोजे चढवत मागून आला. त्याला वाटलं, भाऊ फोटो बघतायत. फोटो भारी आलाय ना, शनिवारीच काढला, असं तो सहज बोलून गेला. मग गुणवंतचा चेहरा बघून चपापला.

"भाऊ, सिद्धानं सांगितलं नाय तुमाला? सोमवारी तुमाला चाय पाजून सगळं सांगतो, असं बोललेला तो आमाला."

गुणवंतला चहाचा तो कप आठवला, सिद्धांतची कपात बुडालेली नजर आठवली आणि ते वाक्यही. शनिवारी कॅप्टन होऊन बसलेला माणूस सोमवारी त्याच्यासमोर हिंमतीच्या गोष्टी करत होता. पोरांनी कॅप्टन बदलला, ते एक वेळ त्याने गिळलं असतं. गुणवंत मैदानात फार ओरडायचा, दम लागला तरी बाहेर यायचा नाही, आणि पोरांना एकदा तरी फायनल खेळायची होती. हे सगळं त्याला आतून ठाऊक होतं. पण हे केसाने गळा कापणं होतं, आणि तेही घरच्या पोराने.

त्याने सिद्धांतला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, का नाही सांगितलंस.

"सांगायलाच आलो होतो, भाऊ. तुम्हीच तो टॉपिक काढलात. त्यानंतर कसं सांगणार?"

गुणवंत जाऊन बाकावर बसला. अंगात बारा नंबरची जर्सी होती आणि मनात एकच इच्छा होती, की पोलंडने हरावं. आपल्याशिवाय हे हरतील, सपाटून हरतील, हेलसिंकीत हरले तसे, आणि मग सिद्धांत मान खाली घालून येईल.

पोलंड तीन-शून्यने जिंकलं. पहिल्यांदाच फायनलला गेलं. दोन गोल सिद्धांतचे. सगळी पोरं उड्या मारत होती आणि गुणवंतच्या हातून टाळीसुद्धा वाजली नाही, याची त्याला पुढे किती तरी दिवस लाज वाटली. सिद्धांत घामाने निथळत धावत आला, दंडावरची पट्टी काढून त्याच्या दंडाला लावू लागला आणि म्हणाला, "भाऊ, फोटोपुरती तुम्ही लावा ना."

गुणवंतने दंड सोडवून घेतला आणि टॅक्सी पकडली. घरी शुभ्राने विचारलं, "बाबा, डिड वुई विन?" हो म्हणाला आणि आंघोळीला गेला. नंतरच्या रविवारपासून सिद्धांत जेवायला आला नाही, आणि त्याला कुणी बोलावलंही नाही.

सप्टेंबरात लेवांडोव्स्की नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली परत आला, पुन्हा कॅप्टन होऊन. त्याच आठवड्यात सिद्धांतचा फोन आला. आवाजात जुना गोडवा होता. आता तर त्यालाही पट्टी परत दिली, भाऊ, तुम्हीही या, असं तो म्हणाला.

"ते हरले, म्हणून त्याला बोलावला," गुणवंत म्हणाला. "तुम्ही तर जिंकलासा."

सिद्धांत हळूच म्हणाला, की एक नवा पोरगा आलाय, सांगलीचा, देवांश नावाचा. मिडफिल्डला छान खेळतो. त्याला नाव कोणतं द्यायचं, ते पोरांना सुचत नाही. आजवर तुम्हीच द्यायचा.

गुणवंतने कपाट उघडलं. धुऊन घडी घातलेली जर्सी वरच होती.

"देयना दे."

"भाऊ, ते तर तुमचं आहे."

"जर्सी सोमनाथच्या हाती पाठवतो. आणि पोराला गोष्टही सांग. फक्त शिट्ट्या पोर्तुगालच्या लोकांनी मारल्या, असं सांगू नकोस. मारणारे घरचेच होते. ते तुला नीट सांगता येईल."