आमच्या बाजूनं वरड

“अगं, जरा च्या देतीस का?”

तानाबाईंच्या हातातली गाळणी हातातच राहिली. त्यांनी वळून नवऱ्याकडं बघितलं, आणि पुढं येऊन त्याच्या कपाळाला हात लावला.

“ताप तर न्हाय. घसा बसलाय व्हय?”

“काय झालं न्हाय,” हंबीरराव तितक्याच हळू म्हणाले. “हळू बोलायचं शिकतोय.”

“ह्या वयात?”

एवढ्यात शेजारीण खिडकीत डोकावली. रोज सकाळी या घरातून ‘च्याऽऽ’ अशी आरोळी उठली की तिची पोरं शाळेसाठी जागी व्हायची. आज पोरं घोरत पडली होती.

हंबीररावांचा आवाज वडिलार्जित. वडील बांधावर उभं राहून नदीपल्याडच्या माणसाला बाजारभाव विचारायचे. हंबीरराव कोल्हापुरात एका धर्मादाय दवाखान्याच्या गेटवर वॉचमन होते आणि तिथं त्यांनी हा आवाज वर्षानुवर्षं मनापासून वापरला होता. “ओ पावणं, गाडी बाजूला घ्या की! जावई रुसून बसल्यागत मधीच काय उभी केलीसा!” लोक हसायचे आणि गाडी हलवायचे. निम्मा दवाखाना आपल्या घशावर चालतो, अशी हंबीररावांची पक्की समजूत होती.

ती समजूत मागच्या आठवड्यात मोडली. बाळंतपणाच्या विभागाच्या प्रमुख डॉ. संयोगिता यांनी त्यांना बोलावून समोर खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे त्यांनी तिथंच ओळखलं.

“मामा, कागलच्या रस्त्याला माळावर पारध्यांची पालं आहेत, माहिती आहेत ना?”

“व्हय की.”

“तिथल्या बायका आपल्याकडं बाळंतपणाला येत नाहीत. पालावरच होतं सगळं. आई तरी जाते, नाहीतर बाळ. आम्ही का म्हणून विचारायला गेलो, तर म्हणाल्या, दवाखान्याच्या दारात वाघ आहे.”

हंबीरराव हसायला लागले आणि मधेच थांबले.

“गेल्या उन्हाळ्यात तिथली एक बाई कळा येत असताना गेटपर्यंत आली होती. खाकी कपडे दिसले, तुमची आरोळी ऐकली, आणि रिक्षा तशीच माघारी फिरली. बाळ वाचलं नाही.”

हंबीररावांनी खूप आठवून बघितलं. ती रिक्षा काही केल्या आठवेना. आठवणार तरी कशी? ते तिच्यावर ओरडलेच नसतील. ओरडले असतील दुसऱ्याच कुणावर तरी. पण गावात कुठंही चोरी झाली की ज्यांच्या पालावर आधी पोलिसांची जीप जाते, त्यांना खाकीतली आरोळी आपल्यासाठीच वाटणार.

“चूक एकट्या तुमची नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आत आल्यावर आम्ही आधी कागद मागतो, सोबतच्या बाईला बाहेर बसवतो. ते सगळं आता बंद. वॉचमनलाही खाकी नाही, साधा निळा शर्ट. पण आत यायचं तर आधी गेट ओलांडायला लागतं, मामा.”

त्या दिवसापासून हंबीरराव हळू बोलायला शिकत होते.

बुधवारी डॉक्टरांच्या विभागातल्या भाग्यश्री सिस्टर पालावर निघाल्या, तेव्हा ते आपण होऊन दवाखान्याच्या जीपमध्ये बसले. माळावर पोचले तशी कुत्री भुंकली आणि बायापोरं पालांत गडप झाली. बाहेर राहिली फक्त चिमणाबाई, पालावरची सगळ्यात म्हातारी. तिनं कपाळावर आडवा हात धरून हंबीररावांच्या मिशा निरखल्या.

“ह्योच त्यो वाघ,” ती म्हणाली.

हंबीररावांनी हात जोडले आणि चार दिवस घोकलेलं वाक्य म्हटलं.

“काय म्हनतुया?” चिमणाबाईनं सिस्टरांना विचारलं.

त्यांनी पुन्हा म्हटलं. घशातून नुसती हवा आली. पालाच्या फटीतून बघणारी एक पोरगी फिसकन हसली, तिच्या मागची हसली, आणि बघता बघता सगळं पाल खिदळायला लागलं. चिमणाबाईचं बोळकंही उघडलं.

“आरं, माजं कान गेल्यात. मोठ्यानं बोल की!”

“मोठ्यानं बोललो की तुमी भितासा!” हंबीररावांचा खरा आवाज एकदम सुटला. कुत्री गप्प झाली. “म्हनून हळू बोलतोय, आज्जी! म्हटलं, दवाखान्यात या! कोन आडवनार न्हाय! मी हाय गेटवर!”

म्हातारी एक पाऊल पुढं आली.

“देवानं दिलाय त्यो आवाज कशाला दाबतूस?” ती म्हणाली. “वरडायचं तर आमच्या बाजूनं वरड.”

त्या हसणाऱ्या पोरीचं नाव मोना. चिमणाबाईची नातसून. तिचे दिवस भरत आले होते. सिस्टरांनी पालातच तिला तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “बाळ आडवं आहे. कळा सुरू झाल्या की एक मिनिट थांबू नका.”

सोमवारी दवाखान्यात नुसती जत्रा होती. गेटात गाड्या अडकल्या होत्या, आणि हंबीरराव सवयीच्या झालेल्या नव्या आवाजात “जरा घ्या की, पावणं” म्हणत होते. कुणीही हलत नव्हतं. तेवढ्यात रस्त्यापलीकडं एक टेम्पो थांबला. मागं बायकाच बायका, आणि मधे चिमणाबाईचं पांढरं डोकं. समोरची गर्दी बघून ड्रायव्हरनं टेम्पो वळवायला घेतला.

हंबीररावांनी छाती भरून श्वास घेतला.

“बाजूऽऽला व्हा! वाट सोडाऽऽ! पावणं आल्यात आमचं!”

औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. हंबीरराव स्वतः स्ट्रेचर ढकलत रस्ता ओलांडून गेले.

“अहो, आम्ही आधी आलोय!” एका मोठ्या गाडीतले गृहस्थ ओरडले.

“व्हय सायेब, पण हिचं बाळ तुमच्याबी आदी यायचं म्हनतंय!”

गृहस्थांनाच हसू फुटलं. त्यांनी गाडी मागं घेतली. मोना आत गेली. तिचा हात धरून तिची जाऊ आत गेली. गेल्या उन्हाळ्यात रिक्षातून माघारी गेलेली ती हीच. तिला कुणी बाहेर बसवलं नाही. कागद कुणी मागितले नाहीत.

ऑपरेशन करावं लागलं. हंबीरराव गेटवर होते, पण गाड्या त्यांच्या नाकासमोरून नुसत्या येत-जात होत्या. शेवटी भाग्यश्री सिस्टर जिन्यावरूनच ओरडत आल्या, “मामा, पोरगी झाली! दोघी बऱ्या आहेत! आणि आवाज म्हणाल तर तुमच्यावर वरताण!”

हंबीररावांनी डोळे पुसले आणि कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला सगळ्या पालाला चहा पाठवायची आरोळी दिली. पटांगणातल्या लिंबाखाली बायका बसल्या. पोरं बिस्किटं बुडवून खायला लागली. चिमणाबाईनं चहा बशीत ओतून सावकाश संपवला आणि पदर नीट करत उठली.

ती चालत गेटाबाहेर गेली. रस्त्याच्या कडेला थोडी थांबली. मग वळून, गेटाच्या अगदी मधोमध, आत आली. कुणी काही विचारलं नाही. लिंबापर्यंत जाऊन ती परत फिरली, पुन्हा बाहेर गेली आणि पुन्हा आत आली.

“आज्जी, काय हरवलं व्हय?” हंबीररावांनी विचारलं.

“न्हाय,” ती म्हणाली. “बगतीया.”

ती पुन्हा बाहेर निघाली. हंबीररावांनी गाड्यांना हात करून थांबवलं, आणि ती आत येईपर्यंत ते खुर्ची सोडून उभे राहिले.